डाव्या पायाचं काम

“...मग गिअर माणसानं टाकावा की गाडीनं? एवढंच सांगा, आक्का. एकदा सांगा, की मी उठलो.”

गोदाक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“एवढंच विचारायला कोल्हापूरहून आलास?”

“एवढंच.”

आक्कांनी सुपातला एक खडा उचलून ओट्याखाली टाकला.

आंबोलीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचा मठ लागतो. मठ आपला म्हणायचा. आक्कांच्या गुरूंची समाधी, तिच्यापुढे ओटा आणि मागे स्वयंपाकघर. मी शाळेतून निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, तेव्हापासून इथेच राहतो आणि चूल सांभाळतो. येणारा-जाणारा रोज दिसतो. त्यांत प्रश्न घेऊन येणारे फार थोडे. बहुतेक जण उत्तर घरूनच आणतात, त्यांना इथून फक्त शिक्का मारून हवा असतो.

जयसिंग इंगवले त्यांतलाच. कोल्हापुरात त्याची लोखंडाच्या ओतकामाची फाउंड्री आहे. आक्कांचा अनुग्रह त्यानं तरुणपणीच घेतला होता, पण मनापासून पूजा केली ती गाड्यांची. गाडीचा विषय निघाला की त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा दंडकच होता. ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याला तो ड्रायव्हर म्हणत नसे, प्रवासी म्हणे. आणि वर स्वतःच हसे.

त्याची बायको शैलजा गेल्या उन्हाळ्यात याच आंबोलीच्या घाटात गेली.

हकिगत सगळ्यांना ठाऊक होती. गाडी नवी होती, ऑटोमॅटिक. चालवत होती शैलजा, जयसिंग शेजारी बसला होता. एका वळणावर माकड आडवं आलं. जुन्या गाडीत डाव्या पायाखाली क्लच असायचा, म्हणून घाबरल्यावर तिचा डावा पाय सवयीनं तिथे गेला. नव्या गाडीला क्लचच नव्हता. तिथे ब्रेकची रुंद पट्टी होती, ती तळापर्यंत दाबली गेली. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून येणारा दुधाचा टेम्पो आदळला. गाडी फिरून समोरच्या दरडीवर आपटली, ती शैलजाच्या बाजूनं. जयसिंगला नुसतं खरचटलं.

ही हकिगत पोलिसांना जयसिंगनंच सांगितली. सासूला त्यानंच सांगितली, लेकीलाही. बाराव्याला जमलेले पाहुणे हळू आवाजात म्हणाले, बाईमाणसाच्या हातात असली गाडी द्यायचीच कशाला. जयसिंग तिथेच बसला होता. त्यानं ऐकून घेतलं.

आणि आज तो तीच गाडी घेऊन मठात आला होता.

विमावाले म्हणत होते भंगारात काढा. यानं ऐकलं नाही. दार नवं, मागचा भाग नवा, रंग नवा. सगळं मुंबईहून मागवून घेतलं आणि गाडी पहिल्यासारखी उभी केली. बोट फिरवलं तरी कुठे काही लागत नव्हतं, हे त्यानं मला स्वतः बोट फिरवून दाखवलं. मला ते बघवेना. मी चुलीकडे बघून येतो म्हणून आत गेलो आणि परत आलो.

ती रोडस्टर होती. म्हणजे दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, वरचं छप्पर दुमडून मागे जाणारी गाडी. आमच्या अंगणात फणसाखाली ती फार विचित्र दिसत होती. शेणाच्या सारवणावर कुणी बूट घालून उभं राहावं तशी.

“फेसलिफ्टवाली आहे,” जयसिंग म्हणाला.

आक्कांनी विचारलं, म्हणजे काय?

त्यानं समजावून सांगितलं. कंपनी दर काही वर्षांनी गाडीचं तोंड बदलते. दिवे नवे, जाळी नवी, आत मोठा पडदा. लोकांना वाटतं गाडी नवी आली.

“आणि आत?”

“आत तीच असते. हिचा मात्र गिअर बदलला. आधीच्या मॉडेलला हातानं टाकायचा गिअर होता. तो काढून टाकला.”

“का?”

“घेणारे उरले नाहीत म्हणे.” त्याच्या आवाजात अजूनही राग होता. “आमच्यासारखे मूठभर.”

मग ही का घेतलीस, असं आक्कांनी विचारलं नाही. तरी त्यानं सांगितलं. जुनी हातगिअरची त्याच्याकडे होती, तिच्यावरच त्यानं शैलजाला शिकवलं होतं. तिला गाडीचं वेड लागलं ते तिथेच. पण पुढे तिचा डावा गुडघा दुखायला लागला. क्लच जड होता. घाट चढून आली की ती रात्री तेल लावत बसायची, आणि तरी पुढच्या रविवारी पुन्हा तयार. शेवटी यानं शब्द गिळले आणि ऑटोमॅटिक बुक केली. गाड्यांच्या क्लबातले मित्र हसले, तेही सहन केलं.

हे खरं होतं. बायकोसाठी त्यानं एकदा मान खाली घातली होती.

“चांगलं केलंस,” आक्का म्हणाल्या.

जयसिंगचा चेहरा कसनुसा झाला.

मग त्यानं दोन्ही गिअरांची बाजू मांडायला सुरुवात केली. दोन्हीकडचा वकील तोच. ऑटोमॅटिकमध्ये डावा हात मोकळा, डावा पाय मोकळा. चढावर गाडी मागे येत नाही. गिअर पडतो कधी ते पोटातल्या पाण्यालाही कळत नाही. उलट हातगिअर म्हणजे गाडी मुठीत. घाटात जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, तर ब्रेक तापत नाहीत. हाताला इंजिन कळतं. कान तयार होतो. तो बोलत होता आणि मला त्याचा खेळ दिसायला लागला होता. आक्कांनी ऑटोमॅटिक बरी म्हटलं, तर दोष शैलजाच्या पायाचा. हातगिअर बरा म्हटलं, तर दोष कंपनीचा. कुठलंही उत्तर आलं तरी त्याला चालणार होतं.

“आणि चुकलं तर?” आक्कांनी मध्येच विचारलं.

“काय चुकलं तर?”

“चालवणाऱ्याचं.”

जयसिंगनं थोडा विचार केला.

“हातगिअरची बंद पडते. पाय चुकला, की धक्का देते आणि बंद.”

“आणि ही?”

“ही नाही बंद पडत. पाय काढून घेतला तरी पुढे सरकत राहते.”

आक्कांचा सुपातला हात थांबला.

“पाय काढला तरी?”

“हो. आपोआप...”

तो बोलता बोलता थांबला. मग खाली बघत म्हणाला, “माझंही तसंच चाललंय, आक्का. भट्टी पेटते. माणसं कामावर येतात. मी दोन्ही वेळा जेवतो. कशालाच पाय लावलेला नाही मी. तरी चालूच आहे सगळं.”

...

मला माझे दिवस आठवले. बायको गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला गेलो होतो आणि तिथे दोन वेळा श्रीखंड मागून घेतलं होतं. त्या क्षणी जयसिंगबद्दल मनात होता तेवढा राग गळून गेला.

“मग डावा पाय काय काम करतो?” आक्कांनी विचारलं.

“हिच्यात? काहीच नाही. नुसता ठेवायचा बाजूला.”

“त्याला कळलंय का ते?”

“कुणाला?”

“पायाला.”

जयसिंग एकदम ताठ बसला. “हेच! हेच म्हणतोय मी. तिच्या पायाला कळलंच नाही. इतक्या वर्षांची सवय. कुणाचा इलाज आहे का त्यावर? नाही ना?”

त्याला वाटलं, शिक्का बसला. चेहऱ्यावर रक्त आलं. खिशातून फोन काढून त्यानं ओट्यावर ठेवला आणि खरं काम सांगितलं.

काम लेकीचं होतं. ऋतुजा. आईसारखीच गाडीवेडी पोरगी. आई गेल्यापासून तिनं गाडी सोडाच, स्कूटरलाही हात लावलेला नव्हता. कामावर रिक्षानं जाते. एकदा जयसिंगनं बळेच चावी हातात दिली, तर तिनं ती परत टेबलावर ठेवली. म्हणाली, बाबा, माझा पाय आईचाच आहे. मीही स्वतःला नाहीतर कुणाला तरी मारीन. आजी तर रोज फोन करून म्हणते, माझ्या पोरीला नाही जमलं, तू नको बाई त्या वाटेला जाऊस. घरात दोघंच, आणि जेवताना चमच्यांचे आवाज.

“तुमच्यावर तिची श्रद्धा आहे. फोन लावून देतो. तुमच्या तोंडून ऐकलं की पटेल तिला. सांगा, दोष सवयीचा होता. आई वाईट चालवत नव्हती असं नाही, पण... सवय.”

हे वाक्य त्याचं त्यालाच नीट लागलं नाही. त्यानं ते पुन्हा म्हणून बघितलं, तरी लागेना.

आक्कांनी सूप बाजूला सरकवलं. पदराला हात पुसले. गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

“मला बसव.”

“कुठे?”

“गाडीत. शैला बसली होती तिथं.”

जयसिंग हसला. मग त्याला कळलं की त्या थट्टा करत नाहीत.

“आक्का, तुम्हाला येत नाही.”

“तिला तरी कुठं येत होतं? शिकवलंसच ना?”

मीही मध्ये पडलो. म्हटलं, आक्का, या वयात हे काय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प झालो. आक्कांच्या त्या बघण्यापुढे माझी मास्तरकी कधीच टिकलेली नाही.

गाडी इतकी खाली, की आक्कांना आत बसवायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला. नऊवारीचा काठ दारात अडकला तो मी सोडवला. अनवाणी पाय त्यांनी आत घेतले आणि स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवले, पोळपाटावर ठेवावेत तसे.

जयसिंग वळसा घालून डाव्या दाराशी गेला. दाराला हात लावला.

...

तो तसाच उभा राहिला. गाडी दुरुस्त होऊन आल्यापासून ती त्यानंच चालवली होती. या दारानं तो आत शिरला नव्हता, हे मला त्याच्या हाताकडे बघून कळलं.

“बस,” आक्का म्हणाल्या.

तो बसला.

पण शिकवायला लागल्यावर माणूस बदलला. आवाजाला जुनी धार आली. छप्पर उघडं होतं, मी फणसापाशी उभा होतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता. आणि खोटं कशाला बोलू, शिकवत होता उत्तम. मी आयुष्यभर हेच काम केलं, मला कळतं. एका वेळी एकच गोष्ट सांगायचा. आक्कांनी ती केल्याशिवाय पुढची सांगत नव्हता. उजवा पाय ब्रेकवर. बटण दाबा. घाबरू नका, हा इंजिनचा आवाज. आता हा दांडा मागे ओढा, डी लिहिलंय तिथपर्यंत.

“डाव्या पायाचं काम नाही,” तो दोनदा म्हणाला. “डावा पाय विसरा. आपल्याला एकच पाय आहे असं समजा.”

“समजले.”

“आता ब्रेकवरचा पाय हळूच उचला. दुसरं काही करायचं नाही.”

आक्कांनी पाय उचलला.

गाडी सरकली. खरोखरच आपोआप सरकली. ओट्याच्या कडेनं, तुळशीला वळसा न घालता, सरळ अंगणाच्या खालच्या अंगाला. अंगणाला तिकडे थोडा उतार आहे आणि शेवटी रचलेल्या दगडांचा गडगा.

“छान,” जयसिंग म्हणाला. “आता पुढे बघा.”

आक्का पुढे बघत नव्हत्या. त्या मान वळवून जयसिंगकडे बघत होत्या.

“आक्का, पुढे.”

त्यांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

गाडीचा वेग वाढला असं नाही, पण गडगा जवळ आला. मी पळालो. माझ्या पळण्यानं काय होणार होतं कोण जाणे. जयसिंगनं एक हात पुढे टेकवला, अंग मागे रेटलं आणि तो ओरडला. सगळं रान ऐकेल असा ओरडला.

“क्लच! क्लच दाब! दाब क्लच!”

आक्कांना क्लच म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. त्यांनी काहीच दाबलं नाही.

गाडी गडग्याला जाऊन टेकली. वरचे दोन-चार दगड गडगडत खाली आले. नव्या दिव्याची काच तडकली. इंजिन गुरगुरत राहिलं, चाकं तिथल्या तिथे माती उकरत राहिली. मग जयसिंगचा हात बटणाकडे गेला आणि सगळं थांबलं.

...

मी दाराशी पोचलो. आक्कांना काही झालं नव्हतं. त्या अजून त्याच्याकडेच बघत होत्या.

“काय दाबू म्हणालास?”

जयसिंगनं बटणावरचा हात काढून घेतला.

“ऐकू आलं नाही नीट. काय दाबू?”

“...क्लच.”

“या गाडीला आहे तो?”

त्यानं मान हलवली. नाही.

मला आधी उमगलंच नाही. मी दगड बाजूला करायला वाकलो होतो. मग त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि मी तसाच वाकलेला राहिलो.

आक्कांनी आवाज खाली घेतला.

“त्या दिवशी पण?”

...

“जयसिंग.”

“हो.”

“हाच शब्द?”

“हाच.”

“आणि तिनं?”

त्यानं दोन्ही हात मांडीवर उलटे टाकले. तळवे वर. ते हात भट्टीवर काम केलेले होते, जाड, आणि त्या वेळी ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडले होते.

“ऐकलं,” तो म्हणाला. “तिनं ऐकलं माझं.”

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. त्यातलं सगळं मी इथे सांगत नाही. ते सांगायचा मला अधिकार नाही असं वाटतं. गोष्ट थोडक्यात अशी होती, की शैलजानं माकड त्याच्या आधी पाहिलं होतं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा उजवा पाय तिनं उचललाच होता. गाडी हळू झाली होती, टेम्पोसुद्धा मागे हळू झाला होता. माकडीण पोटाशी पिल्लू घेऊन रस्ता ओलांडत होती आणि एवढ्यात गेलीच असती. डावा पाय तिनं तोवर हलवला नव्हता. नव्या गाडीची सवय तिला कधीच झाली होती. सवय झाली नव्हती ती याला. यानं तिला जुन्या गाडीवर शिकवताना एकच मंत्र दिला होता, काहीही आडवं आलं की आधी क्लच, तळापर्यंत. तोच त्याच्या तोंडातून निघाला. आणि नवऱ्याचा तो आवाज ऐकल्यावर तिचा डावा पाय ब्रेकवर गेला.

“आज आठवलं हे?” आक्कांनी विचारलं.



“नाही,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

मला वाटलं होतं, तो म्हणेल की विसरलो होतो, धक्क्यानं पुसलं गेलं होतं. तसं म्हटलं असतं तर मीही मानलं असतं.

“दवाखान्यात हवालदारानं विचारलं, कसं झालं. माझ्या तोंडून निघालं, तिचा पाय क्लच समजून ब्रेकवर गेला. खोटं नव्हतं ते. पाय तिचाच होता. मग सासूबाईंनी विचारलं, त्यांना तेच सांगितलं. मग ऋतुजाला. मग बदलता येईना. रोज वाटायचं उद्या सांगू... ती रिक्षात बसताना मी खिडकीतून बघतो रोज. रोज.”

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. कोरड्या डोळ्यांनी तडकलेल्या दिव्याकडे बघत बसला.

“मला काहीतरी सांगा,” तो म्हणाला. “उपास सांगा. गाडी विकू? फाउंड्री विकतो. इथे येऊन भांडी घासू? जे सांगाल ते. तुमचं ऐकतो मी. काहीतरी करायला द्या, आक्का.”



आक्का उतरायला लागल्या. मी हात दिला. बाहेर उभ्या राहिल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, गडग्याचे पडलेले दगड बघितले. मला वाटलं त्या आता ओट्याकडे जाणार. पण त्या त्याच्या दाराकडे गेल्या.

“घाटमाथ्यावरून निघालात तेव्हा शैला चालवत होती?”

“हो. तिथूनच तिच्या हातात दिली.”

“त्या वळणापर्यंत काय काय सांगितलंस तिला?”

“कशाबद्दल?”

“चालवण्याबद्दल. तू शेजारी बसलास म्हणजे गप्प बसतोस होय?”

जयसिंग आठवायला लागला. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्या हळूहळू गेल्या.

“काही नाही,” तो म्हणाला. “काहीच नाही बोललो.”

“का?”

“बोलण्यासारखं काही नव्हतंच. वळणं... वळणं अशी घेत होती, की...” त्यानं हातानं हवेत एक वळण घेतलं, आणि हात तिथेच राहिला. “मी डोळे मिटले होते, आक्का. वारा लागत होता. थोडा वेळ मी डोळे मिटून बसलो होतो.”

जयसिंग इंगवलेनं दुसऱ्याच्या शेजारी बसून डोळे मिटले, हे कोल्हापुरात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. आता मात्र तो वाकला. कपाळ त्या मोठ्या पडद्याला टेकलं आणि खांदे हलायला लागले. मी तोंड फिरवलं. माझ्याकडून त्याला देण्यासारखं काही नव्हतं, पाण्याचा तांब्या आणायचं सुद्धा सुचलं नाही.

ओट्यावर ठेवलेला त्याचा फोन वाजायला लागला. वाजून वाजून बंद झाला. कुणाचा आहे ते बघायला कुणी गेलं नाही. त्याला मात्र माहीत असावं. त्यानं मान वर केली.

“ऋतुजाला काय सांगू?”

“आई गाडी चांगली चालवत होती, म्हणून सांग.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यानं ते मनात म्हणून बघितलं. ओठ हलताना मला दिसले. आणि शेवटपर्यंत जाण्याआधीच त्याचा चेहरा पांढरा पडला.

“मग ती विचारेल, आक्का.”

...

“मग आई गेली कशी, असं विचारेल ती मला.”

आक्कांनी वाकून गडग्याचा एक दगड उचलला आणि जागेवर ठेवला.

“तेवढ्यासाठीच सांगायचं, बाबा.”